जुनी मोटारहोम: पेट्रोलचा काटा ‘फुल’च्या पुढे जाऊन बसलाय

लेकएरीकर:
नमस्कार मंडळी. ओहायोत राहतो. दोन वर्षांपूर्वी १९९३ सालची, जनरल मोटर्सच्या चासीवरची (चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा) मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. टाकी ३३ गॅलनची. हिवाळाभर अंगणात उभी होती. मार्चमध्ये किल्ली फिरवली तर काटा ‘फुल’ ओलांडून खुंटीला टेकला, तो आजतागायत तिथेच. टाकीत पाव असो की पाऊण. बाकीचे काटे ठीक.

गेल्या रविवारी सगळ्यांना घेऊन निघालो, वाटेत एसीसाठी जनरेटर लावला, तो वीस मिनिटांत बंद पडला. धास्तीने लगेच पंप गाठला, टाकीत २६ गॅलन गेलं! मागे आई झोपली होती, ७४ वर्षांची. हायवेच्या कडेला तिला घेऊन ताटकळत बसायची वेळ आली असती, ते डोक्यातून जात नाही. गराजवाला म्हणतो टाकी उतरवून नवीन सेंडर (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) घालू, ९०० डॉलर. त्याआधी मी काय तपासू?

दापोडी_वर्कशॉप:
बाळा, टाकी उतरवू नकोस. मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालो, आता लेकीकडे न्यू जर्सीला असतो.

जनरेटर बंद पडला तो बिघाड नव्हे. त्याची नळी टाकीत मुद्दाम वर ठेवलेली असते. साधारण पाव टाकी उरली की त्याला पेट्रोल मिळत नाही, गाडीपुरतं मात्र राहतं. तूर्तास तोच तुझा काटा समज.

तुझ्या सेंडरचा विजेला होणारा रोध रिकाम्या टाकीला ० ओहम, भरलेलीला ९०. सर्किट कुठेही तुटलं की काटा ‘फुल’च्या पुढे पळतो, वायर चासीला टेकली की रिकामा दाखवतो. म्हणजे तुझं कुठेतरी तुटलंय. टाकीजवळचा कनेक्टर सोडव, डॅशकडून येणारी वायर चासीच्या स्वच्छ लोखंडाला जोड आणि मगच किल्ली ऑन कर, म्हणजे टाकीपाशी ठिणगी नको. पेट्रोलची वाफ जड असते, खाली साठून राहते. काटा शून्यावर आला तर डॅश आणि वायर निर्दोष. मग सेंडरचा रोध एकदा त्याच्या काळ्या अर्थच्या (चासीला जोडणाऱ्या) वायरीशी मोज, एकदा चासीशी. आकडे वेगळे आले की चोर सापडला: अर्थची जोडणी.

टेक्ससचा_फिरस्ता:
काका बरोबर सांगताहेत. सेंडर घ्यावाच लागला तर ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा घेऊ नका. त्यातले बरेच रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहमचे असतात. तुमच्या डॅशवर टाकी रिकामी झाली की ‘फुल’ दिसेल. मी तो मनस्ताप भोगलाय.

लेकएरीकर:
काका, काल सकाळी गाडीखाली पुठ्ठा अंथरून आडवा झालो. वायर चासीला जोडून बायकोला किल्ली फिरवायला सांगितली. “आला, शून्यावर आला!” ती वरून ओरडली. सेंडर ते काळी वायर ८१ ओहम. सेंडर ते चासी, मीटर काहीच दाखवेना.

ती काळी वायर चासीला जिथे कसलेली होती तिथे बोल्टचं डोकंच ओळखू येत नव्हतं. रिंगेला हात लावला तर अर्धी रिंग हिरवट पूड होऊन बोटांवर आली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचाच प्रताप. सँडपेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, नवी रिंग, नवा बोल्ट, स्टार वॉशर, वर ग्रीसचा लेप. किल्ली फिरवली आणि काटा सावकाश उतरून ‘फुल’च्या जरा खाली थांबला. खर्च ४ डॉलर. आईला हाताला धरून डॅशसमोर नेलं आणि दाखवला. न्यू जर्सीला आलो की गाडी घेऊन तुमच्या दारात येणार.

दापोडी_वर्कशॉप:
ये, जेवायलाच ये. निघण्याआधी मागच्या दिव्यांची अर्थची जोडणीही उघडून बघ. मीठ एकाच बोल्टवर थांबत नाही.