बाबांचा विसर वयाचा की डिमेन्शियाचा? डॉक्टरांकडे यायलाच तयार नाहीत

सांजवात: वडील ७४, निवृत्त, आई सोबत असते. वर्षभरात वीजबिल दोनदा भरलं गेलं, रमीचे गुण मांडताना गोंधळ होतो, पासबुक सापडलं नाही की आळ घरकामाच्या मावशींवर. नातेवाइकांसमोर मात्र एकदम खणखणीत. बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू. डॉक्टरांचं नाव काढलं की "मला वेडा ठरवताय का?" हे वयाचं आहे की आजार, हे कसं ओळखायचं? आणि त्यांना न्यायचं कसं?

पारावरचा: नाव आठवलं नाही आणि तासाभराने आठवलं, हे वयाचं. पूर्वी बिनचूक करत असलेलं काम आता जमेना, ही खरी खूण. त्यामुळे किती विसरतात ते मोजत बसू नका, कामं बघा: पैशांचा व्यवहार, गोळ्या, नेहमीचा रस्ता, फोन, वाण्याचा हिशेब. रमीचे गुण चुकणं मला किल्ली हरवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. वस्तू भलत्याच जागी ठेवून चोरीचा आळ घेणं हेही नेहमीचं लक्षण.

गोळ्यांची पाकिटं मोजा. रोज एक असलेल्या ३० गोळ्या आणल्या आणि पंधरा दिवसांनी १५ ऐवजी २२ उरल्या, तर सात वेळा गोळी चुकली. ११ उरल्या तर चार गोळ्या जास्त गेल्या, म्हणजे काही वेळा दुप्पट घेतली जातेय, हे जास्त धोक्याचं.

दुसरं, साधा प्रश्न विचारला की ते आईकडे मान वळवतात का? "काल जेवायला काय होतं?" असं विचारल्यावर नजर आधी बायकोकडे, आणि उत्तर तिच्याकडून. आईला सवयीने वाक्य पूर्ण करू नका म्हणून सांगा, नाहीतर दवाखान्यातही तेच होईल आणि दहा मिनिटांत डॉक्टरांना काही दिसणार नाही. चारचौघांत खणखणीत असण्याचं नवल नाही. ठरावीक गप्पा, जुने किस्से, नमस्कार-चमत्कार बराच काळ शाबूत राहतात.

तीन-चार आठवडे वहीत नोंद ठेवा: तारीख, काय घडलं, पूर्वी ते काम कसं करायचे. "खूप विसरतात" या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग नाही. 'एडी ८' नावाची आठ प्रश्नांची यादी असते, ती जवळच्या माणसाने भरायची असते, रुग्ण समोर लागत नाही. दोन किंवा जास्त बाबतींत बदल दिसला तर तपासणी हवीच. ते निदान नव्हे, पण डॉक्टरांसमोर ठेवायला चांगलं.

लाल_औषध: डिमेन्शियाचा शिक्का मारण्याआधी दुरुस्त होणारी कारणं बघा. तुमच्या वर्णनातली मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन असेल, तर ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. त्यात शाकाहारी असतील तर आणखी. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'एच' असतो, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, त्याने सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळतो. शिवाय सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिन किंवा अल्प्राझोलाम, हे सगळे स्मरणाचे वैरी. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. झोपेची गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी १२, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या. बी १२ साठी रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर. उलटं केलं तर आकडा छान येतो आणि कारण सापडत नाही. सोबत मेंदूचा सीटी किंवा एमआरआय. न्हाणीघरात पडल्याचा मार क्षुल्लक वाटतो, पण कवटीखाली रक्त साचून गोंधळ काही आठवड्यांनी दिसू शकतो.

आणि हा बदल एक-दोन दिवसांत झाला, माणूस मध्येच गुंगीत, मध्येच भडकलेला, तर ते डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवलेला गोंधळ. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, साखर उतरणं अशी कारणं असतात. तेव्हा अपॉइंटमेंट वगैरे नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

नदीकाठ: न्यायचं कसं, त्याबद्दल. "मला काही झालेलं नाही" असं त्यांना खरंच वाटत असतं. आजारामुळे स्वतःतला बदल मेंदूला कळत नाही. हट्ट समजून वाद घातलात तर आणखी ताठरतील. चुकांची यादी तोंडावर वाचू नका.

फॅमिली डॉक्टरांना आधीच चिठ्ठी द्या, वहीतल्या पाच-सहा नोंदींसह. मग साखर-बीपीच्या नेहमीच्या तपासणीला न्या. पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचं ते डॉक्टरच म्हणतील. मुलांचं ऐकणार नाहीत, पण डॉक्टरांचं बऱ्याचदा ऐकतात. सकाळची वेळ घ्या, झोप आणि नाश्ता झालेला. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका, ऐकूच आलं नाही तर चाचणीत गुण उगाच जातात.

पारावरचा: यात एक भर. "फिरायला जाऊ" म्हणून दवाखान्यात उतरवू नका. लक्षात आलं की विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी गाडीतच बसणार नाहीत. खरं पण अर्धंच सांगा: "वार्षिक तपासणी आहे, आईचीही करू."

बखळ: कागदपत्रांचं कोणी बोललं नाही. भारतात मुखत्यारपत्र देणारा माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की ते संपतं (करार कायदा १८७२, कलम २०१). म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमकं त्याच दिवशी निरुपयोगी. नंतर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून आता, ते समजून सही करू शकतात तोवर, बँकेचं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं) करून घ्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार आणि त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. नुसतं निदान झालं म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. त्या वेळी समज होती का, एवढंच बघतात. सही त्यांच्या मर्जीनेच व्हायला हवी, हे सांगायला नको.

सांजवात: आभार. व्हॉट्सॲपवर घड्याळ काढायची चाचणी फिरतेय, ती घरी घेऊ का?

लाल_औषध: नको. 'अकरा वाजून दहा मिनिटं' दाखवायला सांगितलं की काही रुग्ण मिनिटकाटा २ वर न्यायच्या ऐवजी १० वर ठेवतात, आणि अशा चुका तज्ज्ञालाच नीट वाचता येतात. घरी सराव झाला की दवाखान्यातला निकाल बिघडतो, शिवाय बाबा दुखावतात ते वेगळं. तिथे चाचणी मराठीतून घ्या म्हणून सांगा, आणि शिक्षण किती झालंय तेही कळवा. गुण त्याप्रमाणे बघावे लागतात.