‘मॅड वर्ल्ड’मधलं दुःख म्हणे सिनेमाने शोधलं!

रातकिडा
कालच्या ‘डॉनी डार्को’ या सिनेमाच्या धाग्यावर एका आयडीने लिहिलंय की ऐंशीच्या दशकातलं इंग्रजी पॉप म्हणजे फुगवलेले केस आणि कीबोर्डची टिंगटिंग, ‘मॅड वर्ल्ड’ या गाण्यातलं दुःख बाहेर काढलं ते सिनेमाने. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबण लागलं.

अहो, गाणं १९८२चं आहे. टिअर्स फॉर फिअर्स या बँडच्या रोलंड ऑर्झाबालने लिहिलं तेव्हा तो विशीच्या आसपासचा पोरगा होता. इंग्लंडातल्या बाथ शहरातल्या घराच्या खिडकीतून खालची येणारी-जाणारी माणसं बघत बसायचा. बँडचं नावसुद्धा आर्थर जानोव्हच्या मानसोपचारातून उचललेलं: लहानपणी गिळलेलं रडं मोठेपणी ओकून टाका. यात टिंगटिंग कुठे दिसली? त्याच वर्षी क्यूअर बँडचा ‘पोर्नोग्राफी’ हा काळाकुट्ट अल्बम आला. त्याच्या दोन वर्षं आधी जॉय डिव्हिजन बँडचा गायक इयन कर्टिस याने तेविसाव्या वर्षी जीव दिला. त्या पिढीला दुःख शिकवायला सिनेमा लागत नव्हता.

मूळ गाण्यात पाय ठेका धरतात आणि शब्द मात्र मरणाचे. सगळी मजा त्यातच. सिनेमासाठी मायकेल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्सने तेच गाणं नव्याने केलं, ठेका काढून टाकला आणि पियानो घातला. रडायचं गाणं रडत म्हणायला काय अक्कल लागते?

मनीप्लांट
अक्कल लागत नाही ना? मग २००३च्या नाताळात इंग्लंडात तेच पहिल्या नंबरावर कसं गेलं? तुमचं मूळ तर तिसऱ्यावर अडकलं होतं.

रातकिडा
नंबरावरच ठरवायचं तर ‘ब्रदर लुई’वाल्या मॉडर्न टॉकिंग या जर्मन पॉप जोडीला पद्मश्री द्या.

चौथी_रांग
दोघेही गाण्यावरून भांडताय, सिनेमाचं वाटोळं कुणी केलं ते बोला. दिग्दर्शकानेच! २००१च्या प्रतीत सुरुवातीला डॉनी सायकलवरून घरी येतो तेव्हा ‘द किलिंग मून’ हे गाणं लागतं. २००४ची वीसेक मिनिटांनी लांबवलेली आवृत्ती आली, त्यात तिथलं ते काढून इनएक्सेस बँडचं गाणं घातलं. वर सिनेमातल्या त्या काळप्रवासाच्या पुस्तकाची पानं पडद्यावर. अरे, आम्हाला कळलं नव्हतं म्हणून तर आवडला होता!

झेरॉक्स
अवांतर: मॉडर्न टॉकिंगचं नाव काढलंत म्हणून. १९८७, पुणे. आतेभावाने मस्कतहून टिअर्स फॉर फिअर्सच्या ‘द हर्टिंग’ची कॅसेट आणलेली, मी ती गल्लीतल्या दुकानात भरायला दिली. अल्बम चाळीसेक मिनिटांचा, कोरी कॅसेट साठची. उरलेल्या जागेत त्या गृहस्थाने न विचारता ‘ब्रदर लुई’ ठोकलं. वर कार्डावर निळ्या बॉलपेनने, सुवाच्य अक्षरात, ‘टायर फॉर फेअर’. आजही तो अल्बम संपला की माझ्या डोक्यात आपोआप ब्रदर लुई सुरू होतं.

हेडक्लीनर
भरून देणाऱ्यांना हसू नका. माझ्या वडिलांचं दुकान होतं. "कोरी जागा कशाला सोडली, पैसे पूर्ण घेता ना?" असं गिऱ्हाईकच भांडायचं. रात्री दोन दोन डेक लावून बसायचे, कारण भरायला वेळ तेवढाच लागतो. एक तासाची कॅसेट, एक तास.

चौथी_रांग
थोडक्यात, चोरीचा धंदा.

हेडक्लीनर
आणि आपण ‘डॉनी डार्को’ कुठल्या थेटरात पाहिलात म्हणे? चौथ्या रांगेत?

चौथी_रांग
वैयक्तिक होऊ नका. हॉस्टेलवर पाहिला. सीडीवर. बरं, कॉपी होती. पुढे?

हेडक्लीनर
पुढे काही नाही. वडिलांना चोर म्हणालात, तेवढं मागे घ्या.

चौथी_रांग
घेतलं. धंदा म्हणालो होतो, पण घेतलं.

मनीप्लांट
कॅसेटी झाल्या असतील तर एक सांगते. धाकटा भाऊ गेला त्या वर्षी मला ते मूळ गाणं ऐकवत नव्हतं. तो ठेका म्हणजे कुणीतरी शेजारी वरात काढल्यासारखा वाटायचा. शेवटी सगळी माणसं आपापल्या अंथरुणात जागी पडलेली आहेत आणि नुसता पियानो, तो प्रसंग मात्र लावून ठेवायचे. अक्कल लागते की नाही माहीत नाही. मला ते लागत होतं.

रातकिडा
यावर वाद घालणार नाही. ते ‘रडत म्हणायला’वालं वाक्य जरा जास्तच झालं. पण म्हणून टिंगटिंग मान्य केलं असं समजू नका. त्याच सिनेमात शाळेच्या आवारातून कॅमेरा फिरतो तेव्हा टिअर्स फॉर फिअर्सचीच ‘हेड ओव्हर हील्स’ १९८५ची जशीच्या तशी लावली आहे, कुणी हात लावला नाही.

मनीप्लांट
उपकार झाले.

हेडक्लीनर
@झेरॉक्स, कॅसेट अजून आहे?

झेरॉक्स
आहे. वाजवायला काही नाही.

हेडक्लीनर
माझ्याकडे डेक आहे, चालू. घेऊन या. फक्त ब्रदर लुईच्या आधी बंद करायचं नाही.