मदत हवी आहे: गोलाचा परीघ दरवेळी वेगळा येतोय, कुठला खरा धरू?

भाचीसाठी पृथ्वीगोल बनवतेय. प्लास्टिकचा चेंडू घेतलाय आणि त्यावर नकाशा रंगवलेल्या कागदाच्या १२ उभ्या पाकळ्या चिकटवायच्यात, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. त्यासाठी चेंडूचा परीघ बरोबर पाहिजे आणि घोडं तिथेच अडलंय.

आधी चेंडूसमोर फूटपट्टी धरून व्यास बघितला, १९ सेंमी वाटला, त्याला पायने गुणलं तर ५९.७ आले. १२ ने भागून प्रत्येक पाकळी मधोमध ४.९७ सेंमी रुंद कापली आणि चिकटपट्टीने तात्पुरत्या लावून बघितल्या तर बारावी लावून झाल्यावर पहिलीपर्यंत चांगली अडीच सेंमी फट उरली, एक अख्खा समुद्रच उघडा पडलाय म्हणा ना. मग दोरा गुंडाळून तीनदा मोजलं तर ६०.३, ६१.४ आणि ६२.१. आता यांची सरासरी घेऊ का? की पायची किंमत ३.१४ घेतली, २२/७ नाही, म्हणून गडबड होतेय? दोन दिवस दोघींनी मिळून रंगवलेल्या पाकळ्या वाया गेल्यात, परत तसं व्हायला नकोय.

प्रतिसाद १:
सरासरी अजिबात घेऊ नका. गोलाचा परीघ म्हणजे त्याच्यावरच्या सगळ्यात मोठ्या वर्तुळाचा परीघ, ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि त्याचं केंद्र गोलाच्या केंद्रावरच असतं. दोरा जरा वर किंवा खाली सरकला की वर्तुळ लहानच होतं, मोठं कधीच होत नाही. म्हणजे ही चूक एकाच बाजूला होते, तेव्हा सरासरी काढून ती जाणार नाही, सगळ्यात मोठा आकडा खऱ्याच्या जवळचा. तुमचा ६०.३ आला तेव्हा दोरा केंद्रापासून जवळपास अडीच सेंमी बाजूला गेला असणार.

आणि खरं सांगू का, परीघ तुम्ही मोजलेला आहेच. १२ पाकळ्यांचे ५९.७ आणि फटीचे २.५ मिळून ६२.२. दोऱ्याच्या ६२.१ शी किती जुळतंय बघा!

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, फक्त दोरा बारीक घ्या. जाड सुतळी असेल तर तिचा मध्य चेंडूच्या पृष्ठभागापासून लांब फिरतो, २ मिमी जाडीच्या सुतळीने परीघ ६ मिमीने जास्त भरतो. ताणला जाणारा दोराही नको, कारण चेंडूवर ताणलेला असतो आणि पट्टीवर ठेवला की आखडतो. त्यापेक्षा कागदाची लांब पट्टी गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे पेन्सिलने खूण करा आणि पट्टी सपाट ठेवून मोजा.

व्यास मात्र फूटपट्टी समोर धरून कधीच बरोबर मिळत नाही, चेंडूची कड पट्टीला टेकलेलीच नसते ना, डोळा जरा हलला की आकडा बदलतो. चेंडू टेबलावर ठेवा, दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं उभी करून टेकवा, पुस्तकं एकमेकांना समांतर आहेत ना ते बघा आणि मधलं अंतर मोजा. व्यासात ८ मिमी चुकलं की परिघात अडीच सेंमी चुकतं, तुमची फट तिथूनच आलीय. ३.१४ आणि २२/७ मधला फरक एवढ्या चेंडूवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो, त्याची काळजी सोडा.

मूळ प्रश्नकर्ती:
पुस्तकं लावून मोजलं, १९.८ आलं!! म्हणजे परीघ ६२.२. मनापासून आभार. आता पाकळी निमुळती नेमकी किती करायची ते सांगाल का? मागच्या वेळी अंदाजाने वळवली होती. आणि पृथ्वी ध्रुवांशी चपटी असते ना, मग लांबी कमी धरू का?

प्रतिसाद १:
लांबी परिघाच्या निम्मी, ३१.१ सेंमी. मधली रुंदी ६२.२ भागिले १२, म्हणजे ५.१८. पुढे प्रत्येक अक्षांशावर मधल्या रुंदीला त्या अंशाच्या कोसाइनने गुणायचं. ३० अंशांवर ४.४९, ६० अंशांवर २.५९, ध्रुवावर शून्य. हे ३० अंश मधल्या रेषेपासून ५.१८ सेंमीवर येतात आणि ६० अंश १०.३७ वर. एवढे बिंदू मांडून हलक्या हाताने वक्र जोडा, सरळ रेषांनी जोडू नका, नाहीतर परत फटी पडतील.

चपटेपणाचं म्हणाल तर पृथ्वीचे दोन व्यास साधारण १२,७५६ आणि १२,७१४ किमी आहेत, तुमच्या चेंडूवर तो फरक एक मिलिमीटरही भरत नाही. नका धरू.

मूळ प्रश्नकर्ती:
आत्ता एक पाकळी कोऱ्या कागदाची कापून चेंडूवर बारा ठिकाणी फिरवून खुणा केल्या, शेवटची खूण पहिल्या खुणेवर आली. उद्या भाची आली की रंगवायला बसतो.