ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये आक्रमक खेळ परवडतो का?

बटनवरचा_बंड्या
इंग्लंडमधल्या लायसन्सवाल्या साइटवर ५ ते ११ पाउंडांच्या नो-लिमिट होल्डेम टूर्नामेंट, ९ जणांचं टेबल. आकडे असे: व्हीपीआयपी ३१ (इतके टक्के हात आपणहून पैसे टाकून खेळतो), पीएफआर २६ (टेबलावर पत्ते उघडण्याआधी रेज, म्हणजे बेट वाढवणं), थ्री-बेट १२ (दुसऱ्याच्या रेजवर पुन्हा रेज). पहिल्या दोन तासांत चिप्स भराभर वाढतात, पण बबल (बक्षिसांत शिरण्याच्या जेमतेम आधीचा टप्पा) जवळ आला की स्टॅक (हातातल्या चिप्स) वितळतो. दुसरं दुखणं म्हणजे बटनवरून (फ्लॉपनंतर शेवटी बोलायची जागा) रेज केलं की बिग ब्लाइंड (सक्तीची मोठी बेट टाकणारा) ऑल-इन मारतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो, आणि फोल्ड करावं, म्हणजे पत्ते टाकावे लागतात. मग आक्रमकपणा कमी करायचा, की तो चुकीच्या ठिकाणी होतोय?

त्रैराशिक
आधी ब्लाइंड चोरण्याचा, म्हणजे रेज करून सगळ्यांना फोल्ड करायला लावण्याचा, हिशोब बघा. ब्लाइंड (दोन जागांच्या सक्तीच्या बेट) ५००/१०००, अँटी (त्यावरची सक्तीची भर) एकूण १०००. म्हणजे पत्ते वाटतानाच मध्ये २.५ बीबी (१ बीबी म्हणजे एक बिग ब्लाइंड) पडलेले असतात, आणि एका फेरीचा तुमचा खर्चही तेवढाच. २० बीबीवर दोन फेऱ्या नुसतं बसून काढल्या तर पाव स्टॅक गेला. फेरीत एक चोरी जमली की तो खर्च निघतो. आक्रमक खेळाची मूळ गरज एवढीच आहे, बाकी सगळा शौक.

आता किंमत. २.२ बीबीचा रेज २.५ साठी लावताय, म्हणजे दोन्ही ब्लाइंडनी मिळून साधारण ४७ टक्के वेळा फोल्ड करायला हवं. पण बिग ब्लाइंडला कॉलसाठी (बरोबरी करायला) फक्त १.२ बीबी टाकायचे असतात आणि मध्ये ४.७ असतात, म्हणजे त्याला २० टक्के इक्विटी (पॉटमधला, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेतला, सरासरी वाटा) पुरते. समजणारा खेळाडू इतक्या सहज सोडणार नाही. त्यामुळे चोरीचा नफा बराचसा फ्लॉपनंतर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर), पोझिशनच्या (शेवटी बोलायला मिळण्याच्या) जोरावर येतो, नुसत्या फोल्डवर नाही.

तुमच्या दुसऱ्या दुखण्याचं कारण बहुधा हे: रेज करण्याआधी मागच्या दोघांचे स्टॅक पाहिले जात नाहीत. समोर १२ बीबीवाला असेल आणि त्याने ऑल-इन मारलं, तर तुम्हाला ९.८ टाकून एकूण २५.५ चा पॉट खेळायचा असतो, म्हणजे ३८ टक्के हवेत. राजा-सात ऑफसूट (वेगवेगळ्या रंगांचे) तिथे जेमतेम पोचतो किंवा थोडा कमी पडतो. फोल्ड केलं तर २.२ गेले, कॉल केला तरी हाती काही लागत नाही. १० ते १८ बीबीवाले मागे बसले असतील तर असे मधले हात उघडूच (पहिला रेज करूच) नका. ३५ बीबीवाला असेल तर खुशाल उघडा, तो असा सहज ऑल-इन मारणार नाही.

चिवट_किलवर
वरचं सगळं मान्य, पण ५ पाउंडांच्या टेबलावर फ्लॉपनंतरची आक्रमकता हेच पैसे गळण्याचं मोठं भोक आहे. एक-तृतीयांश पॉटची सी-बेट (आधी रेज करणाऱ्यानेच फ्लॉपला लावलेली बेट) २५ टक्के फोल्डवर सुटते, अर्ध्या पॉटची ३३ टक्क्यांवर. एक्का-सात-दोन, तिन्ही वेगळ्या रंगांचे, असा फ्लॉप असेल तर लहान बेट जवळजवळ कुठल्याही हातावर चालते. नऊ-आठ-सात, त्यात दोन बदाम, असा आला तर तो बिग ब्लाइंडचा फ्लॉप. तिथे हवेतली बेट मारायची नाही, चेक.

आणि तिसरी गोळी, म्हणजे रिव्हरवरची (पाचव्या पत्त्यावरची) बेट! या लेव्हलचे लोक फ्लॉपला फोल्ड करतात, टर्नला (चौथ्या पत्त्याला) कधीकधी करतात, पण रिव्हरपर्यंत टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जोडी) धरून आलेला माणूस सोडत नाही. त्याला जागेवरून हलवायचा हट्ट म्हणजे तीन पत्तीत ब्लाइंड खेळायचा माज. तिथे ब्लफ कमी करा आणि खरा हात असेल तेव्हा मोठी बेट लावा.

चौथा_भिडू
बबलचं उत्तर आयसीएममध्ये (चिप्सची बक्षिसांच्या पैशांत किंमत काढणाऱ्या गणितात) आहे. सोपं उदाहरण: ४ जण उरलेत, स्टॅक सारखे, बक्षिसं ५०, ३० आणि २०. प्रत्येकाच्या स्टॅकची किंमत २५. ऑल-इन जिंकून चिप्स दुप्पट झाल्या तर किंमत ५० होत नाही, ३८.३ होते. हरलात तर शून्य. म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल करायला ६५ टक्के हवेत. समोरचा न बघता कुठल्याही पत्त्यांवर ऑल-इन मारत असला तरी छक्क्यांची जोडी, ६३ टक्के, फोल्ड.

यात गंमत अशी की जो आधी ऑल-इन मारतो तो याच भीतीवर जगतो आणि जो कॉल करतो तो तिची किंमत भरतो. म्हणून बबलवर मारणं वाढवा, कॉल घटवा. पण कोणाला मारायचं ते बघून. तुमच्यापेक्षा कमी चिप्सचे मधले स्टॅक हे खरं गिऱ्हाईक, विशेषतः टेबलावर ३ बीबीवाला कोणी तग धरून असेल तेव्हा. त्या ३ बीबीवाल्यावर मात्र रद्दी हाताने जाऊ नका, तो नाइलाजाने कॉल करणारच. आणि तुमचा स्टॅक मधला असेल तर चिपलीडरला डिवचू नका.

सॅटेलाइटमध्ये (बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट देणाऱ्या टूर्नामेंटमध्ये) तिकिटापुरता स्टॅक झाला की एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड होऊ शकते. पीकेओमध्ये (समोरच्याला बाद केल्याचे पैसे मिळणाऱ्या टूर्नामेंटमध्ये) उलटं: प्रत्येकाच्या डोक्यावर बक्षीस असल्याने लोक सैल कॉल करतात, नुसत्या दबावावर मिळणारे फोल्ड कमी होतात.

बटनवरचा_बंड्या
२० बीबीच्या आसपास रीशव्ह (दुसऱ्याच्या रेजवर ऑल-इन) कधी? एक्का-पाच सूटेड (एकाच रंगाचे) धरून सांगा.

त्रैराशिक
कटऑफने (बटनच्या लगेच आधीच्या जागेने) २.२ उघडलं, तुम्ही बटनवर १८ बीबी घेऊन, त्याच्याकडेही तेवढेच. तो सोडला तर ४.७ बीबी मिळतात, म्हणजे स्टॅकचा चौथा हिस्सा. त्याने कॉल केला आणि तुमची इक्विटी ३२ टक्के धरली, तर ३८.५ च्या पॉटमधून सरासरी ५.७ चा तोटा. म्हणून त्याने उघडलेल्या हातांपैकी ५५ टक्के सोडायला हवेत. मागचे दोन ब्लाइंड यात धरलेले नाहीत, तेव्हा ६० च्या पुढे असेल तरच मारा. कटऑफवरून ढिला उघडणारा बरेचदा एवढं सोडतो. तोच रेज पहिल्या जागेवरून आला असेल तर पत्ते टाकून मोकळे व्हा.

एक्का-पाच का, तर तुमच्या हातात एक्का असला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी किंवा एक्का-राजा असायची शक्यता घटते, आणि कॉल झाला तरी फ्लश-स्ट्रेट (पाच एका रंगाचे किंवा पाच सलग पत्ते) जमायची आशा शिल्लक राहते. १० बीबीखाली हा विचारच नको. तिथे ऑल-इन किंवा फोल्ड, आणि स्मॉल ब्लाइंडवरून सगळे सोडून आले असतील तर निम्म्याहून जास्त हात ऑल-इन.

चिवट_किलवर
भारतातून वाचणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर बंदी आहे. फुकट चिप्सच्या टेबलावर हे गणित तपासायला जाऊ नका, तिथे कोणी फोल्डच करत नाही.

चौथा_भिडू
बंड्या, एचयूडीत (खेळलेल्या हातांचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) साठलेल्या हातांतून फक्त बबलच्या आधीचे २० हात काढून रेज आणि कॉल वेगळे मोजा. ऑल-इनला केलेले कॉल जास्त निघाले तर गळती तिथे आहे, ३१/२६ ला हात लावायची गरज नाही. २०० टूर्नामेंटच्या निकालावरून मात्र काहीही ठरवू नका.