ब्रेकच्या कॅलिपरला घरी रंग द्यावा की देऊ नये?

मुलुंडकर (मूळ मत):
माझी गाडी सात वर्षांची आहे आणि ती इमारतीच्या उघड्या आवारात, म्हणजे जून ते सप्टेंबर थेट पावसात उभी असते. मागच्या महिन्यात टायरची अदलाबदल करताना पुढचे दोन्ही कॅलिपर (ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड आवळणारे भाग) तांबूस गंजाने माखलेले दिसले. ते घासून, उष्णता सोसणारा रंग घेऊन मी स्वतःच रंगवणार आहे. 'ब्रेकला घरी हात लावू नये' असे सरसकट सांगणाऱ्यांशी माझा मतभेद आहे, म्हणून हा धागा काढतो.

कॅलिपर जागच्या जागी ठेवून फक्त त्याचे बाहेरचे अंग रंगवले, तर ब्रेक ऑइलचा मार्ग उघडावाच लागत नाही. डिस्क, पॅड, रबरी बूट (पिस्टनवरचे रबरी आवरण) आणि ब्लीडिंगचे निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढण्याचे तोंड) मास्किंग टेपने झाकले की उरते ते साधे ओतीव लोखंड. त्याहून मोठा लाभ मला असा वाटतो की, रंगाच्या निमित्ताने माणूस चार तास त्या भागाकडे नीट बघतो. माझ्या गाडीच्या मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलात 'ब्रेक साफ केले' अशी ओळ होती. प्रत्यक्षात डावीकडचा आतला पॅड झिजून बाहेरच्या पॅडच्या निम्माच उरलेला निघाला. रंग द्यायचे मनात आले नसते, तर हे मला पॅड संपल्यावरच कळले असते.

परळचा गॅरेजवाला:
आपण जे पाहिलेत ते महत्त्वाचे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. आतला पॅड जास्त झिजतो तो बहुधा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतील एखादी सुकल्यामुळे किंवा गंजल्यामुळे, अथवा पॅडला ढकलणारा पिस्टन पूर्ण मागे येत नसल्यामुळे. या दोन्ही जागा रबराच्या आत आहेत आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. बाहेरचा जो गंज आपल्याला खुपतो, तो कित्येक मिलिमीटर जाड ओतीव लोखंडावरची निव्वळ साय आहे. त्याने ब्रेक निकामी होत नाही. म्हणजे जो गंज घातक आहे त्याला रंग लावता येत नाही, आणि ज्याला रंग लावता येतो तो घातक नाही.

आता जागच्या जागी रंगवण्याविषयी. माझ्याकडे अशा गाड्या येतात म्हणून लिहितो. पॅडचे दोन्ही कान ब्रॅकेटच्या (कॅलिपर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) ज्या खाचेत सरकतात, तिथे रंगाचा पातळ थर बसला तरी पॅड अडकतो, ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो आणि मग चाक तापून जळका वास येऊ लागतो. दुसरे म्हणजे, ड्रिलला तारेचा ब्रश लावून गंज काढण्याच्या उत्साहात पिस्टनचे रबरी बूट फाटते. ती चीर एवढीशी असते, परंतु पुढच्या पावसाळ्यात तिच्यातूनच पाणी आत जाते आणि पिस्टन जॅम होतो. थिनरने पुसलेले रबर फुगते. पिनांना साधे ग्रीस लावले तरी तेच होते, कारण तिथे रबराला चालणारे सिलिकोनचे ग्रीसच लागते.

वर्सोव्याची:
गॅरेजवाल्या दादांचे पिनांविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यावरून 'रंगवू नका' असे निघत नाही, 'जागच्या जागी रंगवू नका' एवढेच निघते. मी तीन वर्षांपूर्वी हे काम डिसेंबरात केले, कारण पावसाळ्यात आमच्याकडची हवा इतकी दमट असते की घासलेले लोखंड रंग लावण्यापूर्वीच पुन्हा लाल दिसू लागते. गाडी जॅकवर न सोडता पक्क्या स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना अडणी लावली, कॅलिपरचे दोन बोल्ट काढले आणि तो तारेने वर टांगला, जेणेकरून त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर येऊ नये. पॅड काढून ठेवले, पिना पुसून त्यांना नवे ग्रीस दिले, आणि ब्रेकची धूळ फुंकरीने न उडवता ओल्या फडक्याने टिपली. फवारा मारला नाही, ब्रशने दोन पातळ हात दिले. जोडल्यावर पॅडल कडक लागेपर्यंत दाबले आणि मगच गाडी हलवली.

एक लाभ कोणी सांगितला नाही. डॉट 3 आणि डॉट 4 ही ब्रेक ऑइल ग्लायकोलवर आधारलेली असल्याने ती रंग उचलतात. निपलपाशी किंचित पाझर असला, तर गंजक्या लोखंडावर तो मळात मिसळून जातो, परंतु रंगवलेल्या कॅलिपरवर तिथला रंग फुगलेला लगेच दिसतो.

परळचा गॅरेजवाला:
ताईंनी ज्या क्रमाने काम केले त्याला मी नाव ठेवणार नाही. रंग फुगण्याची खूण मात्र रंगावर अवलंबून आहे. साधा स्प्रेचा रंग उचलला जातो, पण दोन डब्यांचा इपॉक्सी रंग नीट वाळला की ब्रेक ऑइलला सहसा दाद देत नाही, आणि कॅलिपरसाठी लोक हौसेने तोच आणतात. जो रंग खूण दाखवील तो टिकणार नाही, जो टिकेल तो खूण दाखवणार नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा बोनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघावी.

दहिसरचे सचिव:
मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. गेल्या वर्षी एका सभासदाने स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, चाकांवर लाल फवारा मारला आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर त्याचे ठिपके उठले. तो वाद अजून मिटलेला नाही. शिवाय आवारातील पेव्हर ब्लॉक खचलेले असतात, त्यावर जॅक तिरका होतो. लोखंडाचे शास्त्र मला कळत नाही, परंतु मुंबईत 'घरी' म्हणजे नेमके कुठे, हे आधी ठरवावे.

कुर्ल्याचा प्रवासी:
एवढा खटाटोप नको असेल तर लाल रंगाची प्लास्टिकची झाकणे मिळतात, ती चिकटवली की काम झाले.

वर्सोव्याची:
घाटात ती चाकात सुटून आली तर काय, याचाही विचार करावा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेक किती तापतात हे आपण अनुभवले असेलच.

मुलुंडकर:
माझ्या मूळ मतात दोन दुरुस्त्या करतो. जागच्या जागी रंगवणे रद्द, आणि फवाराही रद्द. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असल्याने काम दोनच कॅलिपरचे आहे. डावीकडची पिन मोकळी आहे की नाही हे परळला दाखवीन आणि गरज असेल ते काम तिथेच करून घेईन. परंतु 'बाहेरचा गंज घातक नाही, म्हणून तो राहू द्यावा' हे मला अजूनही पटलेले नाही. त्याच न्यायाने गाडीच्या पत्र्यालाही आपण रंग दिला नसता.

परळचा गॅरेजवाला:
पत्रा एका मिलिमीटरहूनही पातळ असतो, तो गंजला की भोक पडते. हा दाखला चालणार नाही. गाडी मात्र जरूर आणावी. रंग आपण आणा, पॅडच्या खाचेला टेप मी स्वतः लावून देईन.

दहिसरचे सचिव:
म्हणजे काम अखेर गॅरेजमध्येच होणार तर.