मदत हवी आहे: मेथीच्या वाफ्यात मांजरं घाण करतात, त्यांना इजा न करता कसं थांबवू?

अंगणातली_भाजी:

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचं रो-हाऊस आहे. मागे १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे, तिथे मी नऊ वर्षं भाजी लावते. पाऊस सरला की मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, थोडा लसूण. घरापुरतं होतं, शेजारीपाजारीही जुडी-जुडी जाते.

यंदा दिवाळी झाल्यावर वाफे नव्याने केले. माती खणून भुसभुशीत केली, शेणखत घातलं, कोकोपीट मिसळलं, आणि कोणीतरी सुचवलं म्हणून पहिल्यांदाच बोनमील टाकलं. मेथी पेरली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाफा तीन ठिकाणी उकरलेला, बी वर आलेलं, आणि खाली काय पुरलेलं होतं ते सांगायला नकोच. साफ करून परत पेरलं. परत तेच. आता दोन मांजरं रोजची झाली आहेत: एक कबरी मांजरी आणि एक पिवळा बोका. सकाळचं ऊन वाफ्यावर आलं की दोघं तिथेच पसरतात. कबरी तर कुंपणाच्या कोपऱ्यात वाढलेल्या तणात जाऊन अंग घासते, लोळते, तासभर हलत नाही.

एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण माझ्या सुनेला पाचवा महिना लागलाय. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मांजर जिथे घाण करतं त्या मातीत हात घालायचा नाही, टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, तो बाळाला बाधू शकतो. तेव्हापासून पोरगी मागच्या दाराकडे फिरकत नाही. तिला या दिवसांतली कोवळी मेथी फार आवडते. मी भाजी दहा पाण्यांनी धुते, तरी ताट वाढताना माझा हात अडखळतो.

आतापर्यंत केलेले उपाय: लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या (आमच्या ओळीत निम्म्या फाटकांवर आहेत), मांजरं त्यांच्याच शेजारी झोपतात. संत्र्याची सालं टाकली, दोन दिवस बरं वाटलं. तिखट भुरभुरलं, पण दुसऱ्या दिवशी कबरीचा एक डोळा लाल आणि मिटलेला दिसला. मला इतकं वाईट वाटलं की ती सगळी माती खरवडून काढली. कडेने फिनाईल दोनदा टाकलंय. आता डांबरगोळ्या पुरायला सांगतायत, म्हणून आधी इथे विचारते आहे.

अजून एक अडचण. या मांजरांना शेजारच्या आजी दूध-पोळी घालतात. पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. माझा मुलगा लहान असताना मी नोकरीवरून येईपर्यंत त्याच आजींनी त्याला सांभाळलंय. त्यांच्याशी वाकडेपणा येईल असं मला काही करायचं नाही. मांजरांनाही त्रास नको. वाफा फक्त मोकळा हवाय. कोणी हे निस्तरलं असेल तर सांगा.

---

मुक्याजिवांची_माई:

ताई, डांबरगोळ्या अजिबात नको, आणि फिनाईल आजपासून बंद करा. माणसाचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं फोडून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं, आणि तेवढंही त्याला पुरेसं होतं. डांबरगोळीतलं नॅप्थलीनही तसंच विषारी, शिवाय तुम्ही ती खायच्या भाजीच्या मातीत पुरणार. लिंबा-संत्र्याचं किंवा टी ट्रीचं तेल शिंपडा असा सल्ला मिळेल, तोही ऐकू नका. साल चालेल, तेल नाही.

---

मातीचे_हात:

मांजर तुमच्याकडे का येतं ते मांजराच्या नजरेने बघा. त्याला कोरडी, मऊ, उकरायला सोपी माती हवी असते. नवा केलेला वाफा आणि त्यात कोकोपीट म्हणजे नेमकं तेच. वर बोनमील हाडांचं, त्याच्या वासाने कुत्री-मांजरं दोन्ही उकरतात. ते पुढच्या वेळी टाकू नका, निंबोळी पेंड घाला.

उपाय जाळीचा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची, साधारण इंचाची जाळी आणा. मेनरोडच्या बाजूला हार्डवेअरवाल्यांकडे मीटरवर मिळते. बी पेरून झालं की वाफ्यावर सपाट अंथरा, कडा खाली वाकवून मातीत दाबा म्हणजे तारेची टोकं कोणाला लागणार नाहीत, आणि वरून अर्धा इंच माती पसरा. मेथी-कोथिंबीर भोकांतून आरामात वर येते. मांजर एकदा उकरायला जातं, नखं तारेला लागतात, दुसऱ्यांदा जातं, मग सोडून देतं. मेथी उपटायच्या ऐवजी कापून घ्या, म्हणजे जाळी हलवावी लागत नाही. मुळ्याला मात्र ही जाळी चालणार नाही, तिथे रोपांच्या मध्ये नारळाच्या करवंट्या उपड्या मांडा.

आणि पाणी सकाळऐवजी संध्याकाळी उशिरा द्या. रात्री माती ओली राहते. ओल्या मातीत मांजर बसत नाही.

---

द्राक्षबागवाला:

आम्ही दिंडोरीकडचे. ऑक्टोबरची छाटणी झाली की काड्यांचा ढीग पडतो. आमच्या घरामागच्या लसणाला आम्ही त्याच वापरतो. वाफ्यावर आडव्या-उभ्या घालायच्या, चौकोन चार बोटांपेक्षा मोठा ठेवायचा नाही. मांजराला चार पाय टेकून बसायला सपाट जागाच उरत नाही. तुमच्याकडे काड्या नसतील तर गुलाबाच्या छाटलेल्या फांद्या चालतील, नाशकात त्यांना काय तोटा. बोगनवेलीच्या नको. काटे फार कडक असतात, भाजी खुडताना तुमच्याच हातात मोडतील.

एक विनंती. बागेवरचं पक्ष्यांचं नायलॉन जाळं कोणी फुकट दिलं तरी वाफ्यावर सैल टाकू नका. आमच्याकडे त्यात धामण अडकली होती, दोन तास कापत बसलो तेव्हा सुटली. टाकायचंच तर चौकट करून ताणून बांधा.

---

रानभाजी_प्रेमी:

ताई, कबरी ज्या तणात लोळते त्याची पानं हिरवी, कडा करवतीसारख्या, देठ लांब आणि शेंड्याला कणसासारखा हिरवट तुरा आहे का? तुऱ्यावर वाटीसारखी छोटी पानं? असेल तर ती खोकली. पावसाळ्यानंतर कुंपणाच्या कडेने सगळीकडे उगवते. तिच्या मुळाच्या वासाने मांजरं वेडी होतात. नुसतं उपटून तिथेच टाकलंत तर उलट जास्त येतील, कारण मूळ उघडं पडतं. मुळासकट काढून पिशवीत बांधून घंटागाडीत द्या.

---

सरळ_बोलतो:

एवढं कशाला? पोत्यात घालून गंगापूर धरणाकडे सोडून या. आम्ही तेच केलं.

---

मुक्याजिवांची_माई:

सरळ बोलता तर सरळ ऐकाही. अनोळखी जागी सोडलेलं मांजर बहुतेक वेळा उपासमारीने नाहीतर कुत्र्यांकडून जातं. कबरीला कुठे पिल्लं असतील तर ती आईविना जातात. आणि तुमच्या गल्लीत मोकळी झालेली जागा दुसरं मांजर घेतं, कारण दूध-पोळी तिथेच आहे. हे वाचून कोणाच्या मनात विषाचा विचार येत असेल तर तेही सांगते. प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

---

ओपीडी_नंतर:

मी डॉक्टर आहे, सुनेच्या काळजीबद्दल थोडं लिहितो. तिच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, तो पाळाच. पण भीती नेमकी कशाची ठेवायची ते कळलं तर घरातला ताण कमी होईल.

हा जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पण प्रत्येक मांजराच्या आणि कायम नाही. मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे. बाहेर पडल्यावर तो लगेच लागण करू शकत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणं फार महत्त्वाचं, आणि ते काम तुम्ही करा, हातमोजे घालून, खुरप्याने, नंतर साबणाने हात धुऊन. जे मातीत राहून जातं ते मात्र अनेक महिने, ओलाव्यात वर्षभरही टिकतं. त्यामुळे आज मांजरं थांबली तरी सुनेने या बाळंतपणापर्यंत त्या मातीत हात घालू नये.

भाजीचं: शिजवलेल्या मेथीची काळजी नको, उष्णतेने तो मरतो. प्रश्न कच्च्या गोष्टींचा आहे, म्हणजे कोथिंबीर, मुळ्याचा पाला, कच्ची मेथी. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, त्याने हा जंतू मरत नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हाच उपाय. यंदा तिच्यासाठी या वाफ्यातली कोथिंबीर कच्ची वापरूच नका. मांस खात असाल तर ते पूर्ण शिजलेलं हवं, लागण होण्याचा तोही एक मोठा मार्ग आहे. पूर्वी लागण होऊन गेली आहे का, हे रक्ताच्या तपासणीत कळतं. पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांना विचारा.

मांजरीने अंग घासलं, अंगणातून गेली, एवढ्याने हे होत नाही. चावली किंवा ओरबाडलं तर ती गोष्ट वेगळी. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

---

अंगणातली_भाजी:

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, काय म्हणू. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी सुनेला मोठ्याने वाचून दाखवला. आज बऱ्याच दिवसांनी ती मेथीची भाजी दोनदा वाढून घेऊन जेवली.

ती खोकलीच निघाली! तुरा अगदी तसाच. सगळी मुळासकट काढली. फिनाईलची बाटली माळ्यावर गेली. जाळी उद्या आणते. आजींशी कसं बोलायचं ते अजून सुचत नाहीये. त्यांना वाटायला नको की मी त्यांच्या मांजरांवर उठलेय.

---

मातीचे_हात:

तक्रार घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. त्यांच्या अंगणात मांजरांसाठी एक कोपरा करून द्या. जुनं घमेलं किंवा पसरट टब, त्यात चार-पाच इंच कोरडी वाळू, आडोशाला, खायच्या जागेपासून लांब. तुमच्या वाफ्यातली थोडी उकरलेली माती त्यावर टाका. वासाने मांजरांना जागा ओळखता येते.

---

अंगणातली_भाजी:

महिन्याभराने लिहिते आहे, कारण काय झालं ते इथे सांगायलाच हवं.

जाळी लावल्यावर पहिल्या दोन रात्री उकरल्याच्या खुणा होत्या, वरवरच्या. तिसऱ्या दिवसापासून वाफा स्वच्छ आहे. मेथी जाळीतून वर आली, दोनदा कापून झाली. मुळ्याच्या वाफ्यात करवंट्या कमी पडल्या, तिथे एकदा घाण झाली, मग आमच्या भाच्याने पिंपळगावहून द्राक्षाच्या काड्या आणून दिल्या. दोन्ही चालतंय.

आजींकडे मी सुनेला घेऊन गेले. तिची तब्येत, डॉक्टर काय म्हणाले, एवढंच सांगितलं. आजी म्हणाल्या, "अगं, मला आधी नाही का सांगायचं? मी त्यांना खायला घालते ते सगळ्यांना दिसतं, जातात कुठे ते मलाच दिसत नाही." लगेच नातवाची जुनी आंघोळीची टब काढून दिली. वाळू मी भरली, जास्वंदीच्या आडोशाला ठेवली. आता कबरी तिथेच जाते. वाळू सकाळी मी साफ करते, आजींना वाकवत नाही.

तिथेच कळलं की कबरीची वर्षभरात दोनदा पिल्लं झाली, आणि प्रत्येक वेळी सात घरं फिरवता फिरवता एखादंच जगलं. हे सांगताना आजींचा आवाज बसला. मांजरीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात आणि सहा महिन्यांची पोरसुद्धा गाभण राहू शकते, हे पशुवैद्यांनी सांगितल्यावर त्याच म्हणाल्या की ऑपरेशन करून टाकू. खर्च दोघींनी अर्धा अर्धा केला. कबरीचं दोन आठवड्यांपूर्वी झालं, दहा दिवस ती आजींच्या स्वयंपाकघरात होती, टाके सुकलेत.

बोका राहिलाय. त्याचं पुढच्या बुधवारी आहे. तो वाफ्यात येत नाही, पण आमच्या फाटकाच्या खांबावर शेपूट उभी करून फवारतो, आणि तो वास काही केल्या जात नाही. फिनाईल वापरायचं नाही, तर काय वापरू?

---

मुक्याजिवांची_माई:

भरपूर साध्या पाण्याने धुवा, मग खायचा सोडा ओला करून लावा, वाळल्यावर ब्रशने घासून काढा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते सगळ्यात चांगलं. अमोनियावालं काही लावू नका, त्याला तो दुसऱ्या बोक्याचाच वास वाटेल आणि तो पुन्हा फवारेल. ऑपरेशननंतरही काही आठवडे हे चालू राहील, अंगातली हार्मोन हळूहळू उतरतात. आणि बुधवारी नेताना रात्रीपासून त्याला खायला किती वेळ द्यायचं नाही ते दवाखान्यात आधी विचारा, आजींनाही सांगून ठेवा. सकाळी दाराशी आला की त्या दूध घालतीलच.

---

अंगणातली_भाजी:

खरंय, घालतीलच. आदल्या संध्याकाळी त्याला आमच्याकडे बाथरूममध्ये ठेवते.