शस्त्रक्रियेनंतर वडिलांच्या हृदयाचा कप्पा मोठा झाला आहे, काळजीचे आहे का?

प्रश्न (देवगड)

माझे वडील ५६ वर्षांचे आहेत आणि आमची हापूसची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी झेल्याने आंबे उतरवताना ते भोवळ येऊन पडले, तेव्हा हृदयाचा स्नायू जाड झाल्याचे निदान झाले. मधला पडदा २३ मिमी होता आणि रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर ८८ इतका दाबफरक होता. आठ महिन्यांपूर्वी मुंबईत त्या पडद्याचा वाढीव भाग कापून काढला. आता ते बागेची चढण न थांबता चढतात. मात्र परवाच्या टूडी इकोमध्ये डाव्या जवनिकेचा (खालच्या कप्प्याचा) व्यास ३८ वरून ४४ मिमी झाला आहे, कर्णिका (वरचा कप्पा) ४८ वरून ४२ वर आली आहे आणि इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ७४ वरून ६१ टक्क्यांवर उतरले आहे. खालचा कप्पा पसरत चालला आणि जोर कमी झाला, असा याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर १ (मालवण)

माझी हीच शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली. होडीच्या डिझेल-बर्फाचा हिशेब लिहितो त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी इकोचे आकडे मांडत आलो आहे. जवनिका पहिल्या वर्षी ३९ वरून ४५ झाली आणि नंतर ४५, ४६, ४५ अशी तिथेच राहिली. एकदा दुसऱ्या ठिकाणी तपासले तर एकदम ४९ आली आणि घरात रडारड झाली. पंधरा दिवसांनी नेहमीच्या ठिकाणी तीच ४६ निघाली, म्हणून शक्यतो तपासणीची जागा बदलू नका.

उत्तर २ (रत्नागिरी, फिजिशियन)

तुमच्या वडिलांचा खालचा कप्पा मुळात लहान होता. जाड स्नायूने आतली जागा खाल्लेली होती, ती शस्त्रक्रियेने मोकळी झाली. शिवाय अडथळा गेल्याने जवनिकेला पूर्वीइतका दाब निर्माण करावा लागत नाही, त्यामुळे न कापलेल्या भिंतींची जाडीही काही महिन्यांत थोडी उतरू शकते. पुरुषांत ४२ ते ५८ मिमी हा व्यास सर्वसाधारण मानतात, म्हणजे ४४ म्हणजे कप्पा पसरला असे नव्हे, तो नेहमीच्या मापाला आला.

कर्णिकेचे कारण वेगळे आहे. अडथळा असताना मायट्रल झडपेचे (डाव्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या झडपेचे) पान पडद्याकडे ओढले जाऊन रक्त मागे गळते आणि वरचा कप्पा ताणला जातो. गळती थांबली की तो आकसतो, पण स्नायूचा ताठरपणा उरतो, त्यामुळे बऱ्याच जणांत तो पूर्ण पूर्ववत होत नाही. माझ्या मते याच आकड्यावर अधिक लक्ष ठेवावे, कारण मोठी कर्णिका अनियमित ठोक्यांना वाव देते. धडधड वाढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ईसीजी काढून घ्या.

इजेक्शन फ्रॅक्शनचा ७४ हा आकडा शक्तीचा नव्हता. लहान कप्पा जवळजवळ पूर्ण रिकामा होत असे, म्हणून टक्केवारी फुगलेली दिसे. ६१ उत्तम आहे, या आजारात ५० च्या खाली गेल्यास आम्ही सावध होतो. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांच्या ईसीजीत डाव्या बंडलचा अडथळा (डावीकडे जाणारा विद्युत संदेश अडणे) येतो आणि पडदा थोडा विसंगत हलतो, त्यानेही मोजमाप दोन-चार टक्के इकडेतिकडे होते. गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका.

जाता जाता, ही शस्त्रक्रिया रूढ करणारे अमेरिकी शल्यविशारद अँड्र्यू मॉरो यांना स्वतःला हाच आजार होता.

प्रश्नकर्ता (देवगड)

आपणा दोघांचे आभार. शस्त्रक्रियेआधीच्या इकोची सीडी कपाटात सापडली आहे, ती पुढच्या वेळी सोबत नेऊन एकाच डॉक्टरांकडून दोन्ही मापे ताडून घेतो. माझी आणि बहिणीची तपासणी करावी लागेल का?

उत्तर २

हो, दोघांचीही इको आणि ईसीजी करा. हा आजार बहुधा आनुवंशिक असतो आणि आज काही त्रास नाही एवढ्यावर थांबू नये.